तीन टिंबांपलीकडे

कार्यालयात तिला सगळे शीताई म्हणत. तोंडावर नुसतं ताई, पाठ फिरली की शीताई. सकाळी ती आली, खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं, टेबलावर कुणाच्या तरी कपाचं चिकट वर्तुळ दिसलं, की तिच्या तोंडून जो पहिला शब्द निघे त्यावरून हे नाव पडलं होतं. तिला ते माहीत होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. घाण करणाऱ्याला कुणी नाव ठेवत नाही, जिला ती दिसते तिला मात्र ठेवतात, असं ती म्हणायची.

लग्न तिने केलं नाही. कुणाचा तरी ओला टॉवेल आपल्या दोरीवर वाळतोय, या कल्पनेनेच तिच्या अंगावर काटा येई. एका खोलीचं घर, एक खिडकी, एक ताट. नळ बंद केल्यावर नळाची मूठसुद्धा धुणारी बाई ती.

शहराच्या आरोग्य खात्यात ती नकाशा सांभाळायची. शहरातलं प्रत्येक स्वयंपाकघर त्या नकाशावर ठिपका होऊन बसलं होतं: खानावळी, बेकऱ्या, पाळणाघरं, शाळांची उपाहारगृहं, रुग्णालयांना जेवण पुरवणारे. प्रत्येक ठिपक्यामागे तपासणीचा तक्ता होता. पण तक्ता वाचायला सवड कुणाला असते? म्हणून ठिपक्यावर माउस टेकवला की एक लहानशी चौकट उघडायची, हलवला की मिटायची; फोनवर बोट टेकवून तेच. पुस्तिकेत त्या चौकटीला लांबलचक नाव होतं. ती फुगा म्हणायची, आणि बघता बघता सगळं खातं फुगा म्हणायला लागलं.

फुगा कसा असावा हे ठरवणं तिचं काम. तक्त्यातले कोणते रकाने त्यात यायचे, कोणत्या क्रमाने, कोणती अक्षरं ठळक. रकाना रिकामा असेल तर त्याची ओळच येऊ नये. ‘शेरा’ असं लिहून पुढे काहीच नसणं तिला दात पडलेल्या तोंडासारखं वाटे. फुगा उघडायला किंचित वेळ लागावा, नाहीतर माउस नुसता ओलांडून गेला तरी वाटेतले सगळे फुगे फटाफट उघडतात आणि पडद्याला पुरळ उठल्यासारखं दिसतं. सुरुवातीला तपासनीसाचा शेरा त्यात पूर्ण यायचा. कुणी लांबण लावली की फुगा फुगत फुगत शेजारचे ठिपके गिळायचा, पडद्याखाली उतरायचा. ते ओंगळ दिसायचं. मग तिनेच माप ठरवून दिलं: इतकीच अक्षरं, पुढे तीन टिंबं. ज्याला पुढचं हवं त्याने क्लिक करावं. जुने शेरे, नवे शेरे, फोटो, सगळं तिथे उघडं होतं. नकाशा पाहून साहेबांनी बैठकीत ‘सुबक’ हा शब्द वापरला. साहेब कौतुकाच्या बाबतीत हात आखडता घेणारे. त्यांचा तो एक शब्द तिने बरेच दिवस पुरवून पुरवून वापरला.

नकाशा येण्याआधी, तपासनीस हाताने अहवाल लिहायचे तेव्हा, ते अहवाल संगणकात भरण्याचं काम तिच्याकडे होतं. पिठात काय सापडलं, तेल कितव्यांदा तापवलं, फ्रीजच्या रबरात काय वळवळत होतं, हे सगळं तिच्या बोटांतून गेलं होतं. त्या वर्षांत तिचं बाहेरचं खाणं सुटलं ते कायमचं. सहकाऱ्यांच्या वाढदिवसाचा केकसुद्धा ती रुमालात बांधून घ्यायची आणि कोपऱ्यावरच्या कचरापेटीत सोडून यायची. पुढे तपासनीसांना टॅबलेट मिळाले, ते आपले आपण शेरे भरू लागले, आणि ती सुटली. आता तिचा संबंध फुग्याच्या आकाराशी. आत काय लिहिलंय ते बघायचं कारण उरलं नव्हतं. डॉक्टरने पथ्य संपलं म्हणावं तसं तिला वाटलं होतं.

बाहेरचं म्हणून तिच्या पोटात जाई ते फक्त धाकट्या भावाच्या हातचं. आई गेली तेव्हा तो गुडघ्याएवढा होता. तिनेच त्याला न्हाऊ-माखू घातलं, त्याची नखं कापली, जेवायच्या आधी हात पुढे करायला लावले. आई भांडं घासून झालं की नाकाशी नेऊन वास घ्यायची. ही सवय बहिणीने उचलली आणि भावाने बघितली. मोठा होऊन त्याने जेवण पुरवायचा धंदा काढला तेव्हा तिला धन्य वाटलं होतं. आधी कचेऱ्यांना डबे जायचे, अलीकडे एका प्रसूतिगृहातल्या बायकांचं जेवणही त्याच्याकडून जाई. आणि रोज दुपारी त्याचा माणूस तिच्या टेबलावर एक डबा ठेवून जाई. भाजी, भात, आठवड्यातून एखाद्या वेळी मटणाचा रस्सा. ती खालमानेने, चवीने जेवायची. नकाशावर त्याचा ठिपका होता, पण त्यावर तिने कधी माउस नेला नव्हता. सख्ख्या भावाने वाढलेलं ताट कुणी हुंगून बघतं का?

एके दिवशी सकाळी एक तरुण बाई खिडकीशी आली. केस विंचरलेले नव्हते, ब्लाउजवर औषधाचा गुलाबी डाग.

“नकाशावरची ती चौकट कोण लिहितं?” तिने विचारलं.

“बेतते मी. लिहितात तपासनीस. काय झालं?”

बाईने फोन पुढे केला. एका पाळणाघराचा ठिपका, वर फुगा: ‘हवा खेळती, उजेड भरपूर. कर्मचारी नम्र व सहकार्य करणारे. भांडी ओळीने लावलेली. मालकांनी सर्व कागदपत्रे तत्परतेने…’

“हे वाचून मी पोराला तिथे ठेवलं,” बाई म्हणाली. “परवापासून सलाइनवर आहे. डॉक्टर म्हणतात, दूध.”

“पुढचं वाचलं होतंत?”

“कुठलं पुढचं?”

तिने आपल्या पडद्यावर तोच ठिपका शोधला आणि क्लिक केलं. ‘…दाखवली. दुधाच्या कॅनच्या झाकणाला आतून पिवळा थर. खरवडला असता अळ्या. फ्रीज बंद, आत आंबट वास. पाण्याच्या टाकीत मेलेली पाल, शेपूट सुटलेली. बाटल्यांची बुचे मोरीत भिजत ठेवलेली.’

बाई खिडकीतून अर्धी आत वाकून वाचत होती. तिचा हात हळूहळू तोंडावर गेला.

“हे इथेच होतं?”

“हो.”

“आधीपासून?”

“क्लिक केलं की दिसतं.”

बाईने हात खाली घेतला. “बाई, विहिरीत कुत्रं मरून पडलंय, ही पाटी तुम्ही विहिरीच्या तळाला लावता का हो?”

एवढं बोलून ती गेली. तिला रुग्णालयात परत जायचं होतं.

त्या सकाळी शीताईने दुसरं काही केलं नाही. एकेक ठिपका घेतला, क्लिक केलं, वाचलं. उजेड भरपूर. मालक आदबशीर. कर्मचारी टापटीप. फरशी नुकतीच पुसलेली. आणि तीन टिंबं ओलांडली की उंदराच्या लेंड्या, बुरशीचे केस, फडक्याचा वास, तळणाच्या तेलात तरंगणारा पंख, आचाऱ्याच्या बोटावरचं पिकलेलं गळू. ठिकाणं वेगळी, तपासनीस वेगळे, पण गोडवा सगळीकडे बरोबर तिच्या मापाएवढा. जणू तिने कापून दिलेल्या कागदात सगळ्यांनी घाण नीट घडी करून बांधली होती. तिच्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं.

तपासनीसांतले सगळ्यात जुने, ज्यांना अख्खं खातं मामा म्हणे, ते बाकावर बसून बुटातला खडा काढत होते. ती थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“मामा, हे काय चालवलंय तुम्ही?”

“काय गं?”

“आधी साखर, मग गू. सगळ्यांचंच.”

मामांनी खडा खिडकीबाहेर टाकला, बूट घातला. “खोटं आहे का त्यात काही? एक अक्षर दाखव.”

“खोटं नाहीये. तीच तर घाण आहे.”

“हे बघ ताई. मी टॅबलेट घेऊन एखाद्याच्या भटारखान्यात उभा असतो. मालक शेजारी, हातात त्याचा फोन. मी शेरा भरला की आधी तो तुझा फुगा बघतो. फुग्यात अळी दिसली की आचारी दाराला कडी घालतो. फुग्यात उजेड दिसला की मालक म्हणतो, या साहेब परत कधी. मलाही बायको आहे घरी.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “भांड्याचं माप तू दिलंस. त्यात काय वाढायचं ते आम्ही बघतो. तारतम्य ठेवावं लागतं. तुझ्यासाठीसुद्धा ठेवलंय बरं, विसरू नकोस.”

“माझ्यासाठी काय ठेवलंय?”

“काही नाही. जा, डबा आलाय तुझा.”

डबा खरंच आला होता. ती जेवली. रस्सा होता.

दुपारी ती साहेबांकडे गेली. साहेबांनी ऐकलं, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. “फुग्याची मांडणी तुमच्या अखत्यारीतली गोष्ट,” ते म्हणाले. “बदलायची तर बदला, नाही तर राहू द्या. मला विचारलं होतंत असं मात्र कुणाला सांगू नका.” ज्याला ‘सुबक’ म्हणवत होतं त्याला ‘हो’ म्हणवत नव्हतं. त्यांच्या खोलीतून बाहेर पडताना तिला वाटलं, दाराच्या मुठीपेक्षा आतला माणूस जास्त चिकट आहे.

ती कामाला बसली. तक्त्यात ‘गंभीर दोष’ नावाचा एक रकाना पहिल्यापासून होता. कायद्याला हवा म्हणून तपासनीस तो इमानदारीने भरत, आणि फुग्यात येत नाही म्हणून निर्धास्तपणे भरत. तिने तो उचलून नावाखाली पहिल्या ओळीत ठेवला. अक्षरं लाल, ठळक, मापाचं बंधन नाही. गोड शेरा सगळ्यात खाली नेला. मग चाचणीची प्रत उघडली, जी फक्त तिच्याच संगणकावर दिसायची, आणि नकाशावरून माउस फिरवू लागली. फुगा शेजारचे ठिपके गिळत होता. गिळू दे. एका गल्लीतून दुसरीत, चौकातून रुग्णालयाकडे, तिथून कारखान्यांच्या मागच्या रस्त्याला. हात जरा थांबला आणि एक फुगा उघडला.

वर भावाच्या धंद्याचं नाव होतं.

‘पिठाच्या पिंपात उंदराच्या लेंड्या व कुरतडलेले पोते. शिळे मटण धुऊन ताज्या रश्श्यात मिसळलेले. मोरी तुंबलेली, भाज्या मोरीलगत जमिनीवर. फडके एकच: ओटा, हात, ताटे.’ आणि खाली, बारीक अक्षरांत: ‘उजेड भरपूर. मालक आदबशीर, घरंदाज…’

घरंदाज. हा शब्द मामांचा. तिच्यासाठी काय ठेवलं होतं ते तिला कळलं.

ती स्वच्छतागृहात गेली, दार लावलं आणि दुपारचा रस्सा बाहेर आला. तोंड धुतलं, दात घासले, जीभ खरवडली. तरी चव जाईना. तिला आठवलं की मागच्या आठवड्यात तो तिला खास आवडला होता, थोडा आंबूस लागला होता म्हणूनच.

संध्याकाळी ती भावाकडे गेली. कारखान्याच्या भिंतीला टेकलेली लांबट जागा, पुढे ओटा, मागे मोरी. धंदा वाढल्यापासून ती आतपर्यंत कधी आली नव्हती. भाऊ तिला बाहेरच्या खोलीत बसवून सरबत देई. आज ती सरळ आत गेली. पाय फरशीला चिकटत होते, उचलताना चिटक चिटक आवाज होत होता. भिंतीवर तेलाचा थर इतका जुना की त्याला केस आले होते. मोरीच्या तोंडाशी भाताचा लगदा फुगून पांढरा झालेला. वहिनी एका कोपऱ्यात कांदे चिरत होती. तिने नणंदेला पाहिलं आणि सुरी थांबवली.

“ताई! कळवलं असतंस तर—” भाऊ पदार्थ ढवळता ढवळता वळला. पालथ्या डाव्या हाताने नाक पुसलं, आणि तोच हात मीठ घालायला गेला.

“पिंप उघड.”

“कुठलं पिंप?”

“पिठाचं.”

त्याने उघडलं नाही. वहिनीने उठून उघडलं, आणि परत जाऊन बसली. शीताईने आत पाहिलं. पाहायची गरज नव्हती. वास आला होता.

“किती दिवस?”

“अगं, सगळीकडे असतंच हे. एवढ्या पसाऱ्यात—”

“मी खातेय ते. रोज.”

“मग?” भाऊ हसला. “मेलीस का? ठणठणीत आहेस की. नाकाने कांदे सोलणारी बाई इतकी वर्षं जेवतेय, म्हणजे बघ जेवण कसं असेल!”

“हसू नकोस.” तिचा आवाज बारीक झाला. “त्या बाळंतिणी काय खातात?”

भावाचं हसू गेलं. त्याने गॅस बारीक केला. “मामांनी सांगितलं वाटतं.”

“फुग्याने सांगितलं. मी बदलतेय तो. आता दोष वर येणार, सगळ्यांचे.”

“सगळ्यांचे म्हणजे?”

“सगळ्यांचे म्हणजे सगळ्यांचे.”

त्याला कळायला वेळ लागला नाही. तिनेच त्याला कधीतरी कौतुकाने सगळं समजावून दिलेलं. तो जवळ आला. अंगाला शिळ्या तेलाचा वास. “ताई, एक अट टाकता येते ना त्यात? हा नंबर असेल तर जुना फुगा दाखव, बाकीच्यांना नवा. एक ओळ फक्त. माझ्या ठिपक्यापुरती. प्रसूतिगृहाचा करार नवा व्हायचाय. तेवढा झाला की मी सगळं घासून घेतो. तुझी शपथ.”

“आधी घास.”

“आधी घासायला माणूस लागतो! माणूस ठेवायला करार लागतो!” मग तो एकदम मऊ झाला. “तू मला वाढवलंस ताई. आता तूच बुडवणार?”

कोपऱ्यातून वहिनी म्हणाली, “मी दोन वर्षं सांगतेय त्यांना.”

“तू गप गं!”

“गपच आहे. म्हणून तर हे असं आहे.” आणि ती पुन्हा कांदा चिरू लागली.

शीताई बाहेर पडली. त्याचा हात तिच्या दंडाला लागला होता तिथे बाहीवर पिवळा ठसा उमटला होता. घरी जाऊन तिने तो कपडा भिजत घातला, मग बादलीतून काढून टाकूनच दिला.

पण दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन तिने ती ओळ लिहिली.

ज्याची आपण नखं कापली, ताप आला की डोक्यावर पट्ट्या ठेवल्या, त्याचं तोंड नजरेसमोरून हलत नाही. तिने अट घातली: नोंदणीचा नंबर हा असेल तर फुगा जुना. चाचणीची प्रत उघडली. माउस कारखान्यांच्या रस्त्याला नेला. आजूबाजूचे सगळे फुगे लाल, लांब, ओंगळ. मधोमध भावाचा फुगा आटोपशीर, काळ्या अक्षरांत, तीन टिंबांवर अलगद थांबलेला. उजेड भरपूर. मालक आदबशीर, घरंदाज. अख्ख्या शहरात तेवढाच एक देखणा.

तिने माउस बाजूला घेतला, परत नेला. दर वेळी तो तसाच उघडायचा, हसऱ्या चेहऱ्याने. आत्तापर्यंत पाहिलेल्या अळ्या, लेंड्या, गळवं एकीकडे आणि हा एकीकडे. तिला वाटलं, घाण कळकट असते तोवर ती निदान आपली ओळख सांगते. ही न्हाऊन, भांग पाडून आलेली होती, आणि न्हाऊ घालणारे हात तिचे होते. आईसारखं भांडं नाकाशी नेऊन बघण्यात तिचा जन्म गेला, आणि इथे ती स्वतःच आतल्या मळावर बाहेरून लकाकी चढवत होती.

एखादी बाळंतीण, बाळ कुशीत, या फुग्यावर बोट टेकवील आणि समाधानाने घास घेईल.

तिने ओळ पुसली. नवा नकाशा सगळ्या शहरासाठी खुला केला. ताबडतोब, कारण थांबली असती तर पुन्हा लिहिली असती. मग भावाला फोन लावला.

“केलंय,” ती म्हणाली. “तुझाही.”

पलीकडे पातेलं आपटल्याचा आवाज आला. “आई असती तर तुझं तोंड पाहिलं नसतं तिने!”

“आई असती तर तुझं तोंड त्या पिंपात घातलं असतं.”

त्याने फोन ठेवला.

वाटलं होतं, शहर हादरेल. शहर हसलं. फुग्यांचे फोटो काढून लोक एकमेकांना पाठवू लागले; कुठला फुगा जास्त किळसवाणा, यावर पैजा लागल्या. कार्यालयातसुद्धा. दुपारच्या सुट्टीत टंकलेखक मुली आणि हिशेबनीस डोकी जुळवून, तोंडात घास घोळवत वाचत होते. “हे ऐका, हे ऐका,” हिशेबनीस म्हणाला, “‘फडके एकच: ओटा, हात, ताटे.’ काय टापटीप आहे बघा, फडकं पण वाया जाऊ देत नाहीत!” हास्याची लाट उठली. त्याच्या ओठाच्या कडेला भाताचं शीत चिकटलेलं होतं आणि ते हसण्याबरोबर खालीवर होत होतं. शीताईला पाळणाघरातल्या दुधापेक्षा त्या शिताची किळस आली.

“तो माझा भाऊ आहे,” ती म्हणाली. “आणि ते मी खात होते. रोज, इथे, या टेबलावर.”

एका मुलीने डबा मिटला. हिशेबनीसाने ओठ पुसला. मामा दारात उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि निमूट निघून गेले. त्यांचाही त्रास वाढला होता. त्या आठवड्यात एका भटारखान्यात त्यांना खरंच कडी घालून बसवलं होतं.

आठवडा पुरा व्हायच्या आत प्रसूतिगृहाने करार मोडला. पाठोपाठ कचेऱ्या सुटल्या. बातमी वहिनीने फोनवर दिली, वर्तमानपत्र वाचावं तशा आवाजात. मग जरा थांबली. “हे आत तोंड फिरवून पडलेत. मी मोरी उपसायला घेतलीये. एकटीने होत नाहीये, ताई.”

शीताईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. वाटेत ब्रश, पत्र्याचं खरवडणं, हातमोजे घेतले. वहिनी पदर खोचून मोरीशी उकिडवी बसली होती. आतल्या खोलीत भाऊ काय करतोय हे ऐकायला दोघींचे कान होते, पण हात थांबवून ऐकण्यासारखं काही नव्हतं. जाळी निघेना, तशी शीताईने हातमोजे काढले. मोज्यांतून पकड येत नव्हती. बोटं आत घातली. काहीतरी मऊ, गार, केसाळ हाताशी आलं. तिने मान वळवली, श्वास रोखला आणि ओढलं. सडक्या भाताचा, केसांचा, कातड्याच्या तुकड्यांचा दोर निघत राहिला, संपता संपेना. त्याच्या मागून वास आला तेव्हा वहिनीने पदर नाकाला लावला आणि बादली पुढे केली.

केव्हातरी भाऊ दारात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, बनियनवर घडीचे वळ. तो बहिणीच्या कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हाताकडे बघत राहिला. हा हात त्याला ठाऊक होता, पण असा कधीच नव्हता.

“आता कशाला?” तो म्हणाला. “गिऱ्हाईक राहिलं नाही एक. कोण बघायला येणारे?”

“कुणी नाही,” ती म्हणाली.

“मग दाखवायचंय कुणाला?”

तिने दोराचा शेवट बादलीत सोडला. त्याच्याबद्दलची किळस गेली नव्हती. ती कधी जाईल असंही वाटत नव्हतं. तो दारात उभा होता तसा ती त्याला पाहू शकत होती, एवढंच.

“भिंतीचं तेल गार पाण्याने निघत नाही,” तिने भिंतीकडे बघत म्हटलं. “मोठं पातेलं ठेव.”

तो हलला नाही. मग वहिनीला वळसा घालून आत आला, कोपऱ्यातलं पातेलं उचललं, नळाखाली धरलं, आणि गॅस पेटवला.